वरच्या मजल्यावर खिळा ठोकू नये

"बरं," नीलिमा म्हणाली आणि जिना उतरून गेटपर्यंत आली. आपण नेमकं काय कबूल केलं ते गेटची तापलेली कडी हातात आल्यावर तिच्या ध्यानात आलं. पिशवीतल्या डब्यात मऊ भात होता, त्याची ऊब मांडीला लागत होती. मागे खालच्या पायरीपाशी घरमालक रामधनजी अजून उभे होते. हात पाठीमागे, आणि चेहऱ्यावर एखादं अवघड काम कुणाला न दुखवता उरकल्याचं समाधान. त्यांनी वाईट काही म्हटलं नव्हतं. आवाज चढवला नव्हता. ते म्हणाले होते, "मॅडम, डाक्टरनं तुमच्या बाबाले घरी न्या म्हटलं, असं आयकलं. आता डाक्टर घरी न्या म्हंते तवा त्याचा अर्थ काय होते, ते तुमाले सांगाची गरज नाही. परवा आमच्या रंजीताची हळद हाय. मांडव दारातच पडून राह्यला. तवा त्याइले इथी वर नोका आणू. सीधं तुमच्या गावाले, मेडशीले न्या. गाडी माही, डिझेल माह्यं, मानसं लागले त मानसंही देतो." आणि नीलिमा, जिच्या नुसत्या बघण्यानं वर्गातला मागचा बाक गप्प होतो ती शाळेतली विज्ञानाची नीलिमा मॅडम, एखाद्यानं पाणी जपून वापरा म्हणावं आणि आपण मान हलवावी, तशी बरं म्हणून मोकळी झाली होती.

तिनं ऑटो केला नाही. वैशाखाचं ऊन सकाळीच पेटलं होतं, वाशिमच्या लाखाळ्यातल्या घराघरांच्या खिडक्यांत कूलर घरघरत होते, आणि तिला चालायचं होतं, कारण चालताना तरी ते बरं मागे पडेल असं वाटत होतं. पडलं नाही. किरायाच्या घरात माणूस सगळ्यांत आधी हा शब्द शिकतो. घराच्या किल्ल्या नंतर मिळतात. मंगरूळपीरला तिला पहिली नोकरी लागली, तिथली खोली देताना मालकीणबाई म्हणाल्या होत्या, नळ सकाळचाच, नंतर पाणी मागायचं नाही. बरं. कपडे मागच्या तारेवर, पुढच्या तारेवर आमचे. बरं. पाहुणे आले तर आधी सांगायचं. बरं. एकटी बाई, त्यात मास्तरीण, म्हणून बरं जरा जास्तच नरम आवाजात म्हणावं लागे. मग वाशिमला बदली झाली, बाबा सोबत राहायला आले आणि खोल्या पाहायला सुरुवात झाली, तेव्हा तर बरं म्हणायचीसुद्धा संधी मिळेना. लोक आडनाव विचारत, मग मूळ गाव विचारत, मग गावातला मोहल्ला विचारत, आणि मग कपाळावर हात मारून म्हणत, अहो, कालच दिली की हो खोली. ती कालच गेलेली खोली पुढे महिनाभर रिकामी दिसायची. रामधनजींनी मात्र यातलं काही विचारलं नव्हतं. हिंगोली नाक्यावर त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान होतं, माणूस सरळ होता, देवभोळा होता. वरचा मजला उघडून दाखवला आणि म्हणाले, "एकच सांगतो मॅडम. भिंतीले खिळा ठोकू नोका. पुट्टी मारेल हाय." तिला त्या दिवशी इतकं हायसं वाटलं होतं, की तिनं बरं म्हटलं ते जवळजवळ हसत.

म्हणजे उपकार होते. तोच तर घोळ होता. वाईट माणसाला नाही म्हणणं सोपं असतं, चांगल्या माणसानं जीभ बांधून ठेवलेली असते. गेली चार वर्षं ती त्या एका न विचारलेल्या प्रश्नाची परतफेड करत आली होती. टाकी रिकामी झाली तरी ती खाली जाऊन बोलत नसे. कर्कश शिट्टीचा कुकर तिनं बदलला, खाली आवाज जातो म्हणून. आणि खिळा नाही म्हणून आईचा फोटो फ्रीजवर, भिंतीला टेकवून ठेवलेला. फ्रीज सुरू होताना हादरायचा, त्यासरशी फोटो केसभर पुढे सरकायचा, आणि आठवड्यानं आई पार पाठीवर कलायची. मग रविवारी नीलिमा तिला पुन्हा बसती करायची. बाबा खाटेवरून बघत म्हणायचे, "तुह्या मायले बसाले येळ कधी होता वं? आता बसून हाय चार वर्षांपासून. उभी करशीन का नाही तिले?" बाबांचा स्वतःचा शर्टही खुर्चीच्या पाठीवर असायचा. जन्म एस.टी.च्या केबिनमध्ये गेला, तिथं डोक्यामागे शर्ट टांगायला आकडी असायची. आल्या दिवसापासून त्यांची एकच कुरकुर होती, एवढं मोठं घर अन् शर्ट टांगाले एक खिळा नाही. नीलिमा म्हणायची, मालकांना चालत नाही, बाबा. बाबा म्हणायचे, बरं.

पाटणी चौकात ती रस्ता ओलांडायला थांबली आणि समोरून पांढऱ्या साड्यांतल्या तीनचार बाया गेल्या, विहाराच्या वर्गणीचं काहीतरी बोलत. उद्या पौर्णिमा. तिला पहिल्या वर्षीची पौर्णिमा आठवली आणि इतक्या उन्हातही ओठ हलले. त्या सकाळी ती पांढरी साडी नेसून आणि बाबा कडक इस्त्रीचा पांढरा सदरा-पायजमा घालून विहारात निघाले होते. खाली रुपाबाई, रामधनजींची बायको, तुळशीला पाणी घालत होती. तिनं दोघांना पाहिलं आणि तिच्या हातातला तांब्या तिथंच थांबला. पदर तिनं तोंडाला लावला. दुपारी हे दोघं परत येतात तो दाराशी झाकलेलं ताट. पिठलं, भाकरी, वर कांदा. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारी पाठवतात तसं. आणि रुपाबाई जिन्यात उभी, डोळे ओले करून विचारत होती, "कोन गेलं हो ताई? जवळचं होतं का?" बाबाच म्हणाले, "गेलं कोनी नाही रुपाबाई. आज आमची दिवाळी समजा. पांढरं आमी आनंदाचं घालतो." रुपाबाई अशी लाजली की तिला ताट परत न्यायचं होतं. बाबांनी नेऊ दिलं नाही. जमिनीवर मांडी घालून त्यांनी सगळं संपवलं आणि बोटं चाटत म्हणाले, "मानूस न मरता असं पिठलं भेटत असन त दर पौर्णिमेले घालतो मी पांढरं." तेव्हापासून दर पौर्णिमेला रुपाबाई खालून ओरडून खात्री करून घ्यायची, आनंदाचंच ना ताई? आणि मग वर पिठलं यायचं. ही रुपाबाई काल जिन्यात भेटली तेव्हा मान खाली घालून निघून गेली होती. तिला ठाऊक होतं. नवऱ्यानं काय बोलायचं ते बहुतेक दोघांनी मिळूनच ठरवलं असणार. नीलिमाला त्या बोलण्यापेक्षा ही खाली घातलेली मान जास्त लागली.

दवाखान्यात शिरल्यावर फिनाइलचा वास आला आणि त्याबरोबर कारंज्याचे दिवस आठवले. नेहमी असंच होई, म्हणून ती या वासापाशी श्वास धरायची. आज धरला नाही. येऊ दे म्हणाली. तेव्हा बाबा कारंज्याच्या डेपोत ड्रायव्हर होते, घर किरायाचं, जुन्या गल्लीत. आई, अंजना, एका सकाळी पोटात दुखतं म्हणून अकोल्याच्या दवाखान्यात गेली आणि पुन्हा उठली नाही. तिथले घरमालकही चांगले होते. चांगले म्हणून तर ते स्वतः अकोल्याला आले, बाबांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि म्हणाले, शेषराव, घरात म्हातारी हाय, सोवळंओवळं हाय, तवा बाईले घरी नोको, गावीच न्या. बाबांनी हात जोडले आणि म्हणाले, बरं. आई मेडशीला गेली. चुलतभाऊ किशनदादाच्या अंगणात, उसन्या ताडपत्रीखाली, जिथं ती लग्न झाल्यावर दोन वर्षंही राहिली नव्हती. तिथल्या बायांना तिचं नाव विचारावं लागलं. सगळं उरकून नीलिमा कारंज्याच्या घरात आली तेव्हा स्वयंपाकघरात पातेल्यात बरबटी भिजत होती. दवाखान्यात जायच्या सकाळी आईनं घातलेली. संध्याकाळी उसळ करायची म्हणून. ती फुगून, फेसाळून, आंबून गेली होती, काही दाण्यांना मोड आले होते. नीलिमा ते पातेलं हातात धरून कितीतरी वेळ उभी होती. आई या ओट्याशी परत यायला हवी होती, तासाभरासाठी का होईना, असं तिला वाटलं होतं, आणि तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. पण त्या दिवसापासून बाबांचं ते बरं तिला सलत राहिलं. त्यांच्यावर तिचा जीव होता, त्यांचं सगळं ती करायची, आणि तरी आत कुठेतरी ती त्यांना विचारतच असायची, हात कशाला जोडले? आज जिन्यावर तिनं हात जोडले नव्हते, हातात डबा होता. सूर मात्र तोच होता. अगदी तोच.

बाबा जागे होते. नाकात नळी, छातीचा पिंजरा वरखाली, पण डोळे लख्ख. त्यांच्या फुप्फुसांत काही राहिलं नव्हतं. डॉक्टरांनी कालच तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की इथं ठेवून आता वेगळं काही होणार नाही, घरी न्या, ऑक्सिजनचं मशीन किरायानं मिळतं. तिला तेव्हा वेड्यासारखं हसू आलं होतं. घर किरायाचं ते किरायाचं, आता श्वासही. तिनं भात कालवून दोन घास भरवले. तिसऱ्याला त्यांनी मान फिरवली. खिडकीबाहेर एक बस गेली. "पुसदची," बाबा म्हणाले. घरीही त्यांचं हेच असायचं. वरच्या मजल्यावर त्यांची खाट खिडकीशी होती, रिसोडचा रस्ता दिसायचा नाही पण ऐकू यायचा, आणि नुसत्या आवाजावरून ते सांगायचे, ही गेली रिसोडची, हिचा गियर खरखरते, ही मालेगावची, ड्रायव्हर नवा हाय.

लहानपणी तिला वाटायचं, बस बाबांचीच आहे. बाबांना मुक्कामी गाडी असायची. संध्याकाळी खेड्यात जायची, रात्री तिथंच थांबायची, पहाटे पहिली सुटायची. एकदा सुट्टीत ती सोबत गेली होती. गावातला कुणी बडा माणूस कंडक्टरला जेवायला घेऊन गेला, त्याचं अंथरूणही ओसरीवर पडलं. बाबा म्हणाले, मी गाडीपाशीच बरा. मग त्यांनी मागच्या लांब सीटवर तिला निजवलं, घरून आणलेली भाकर दोघांनी खाल्ली, आणि ते स्वतः पुढच्या सीटवर खिडकीबाहेर पाय काढून झोपले. तिला त्या रात्री राजकन्या झाल्यासारखं वाटलं होतं. एवढी मोठी गाडी आणि आपण दोघंच. गाडीपाशीच बरा, या बोलण्याचा अर्थ कळायला तिला मोठं व्हावं लागलं. ओसरीवर बोलावणं येणार नाही हे ज्याला माहीत असतं, तो बोलावण्याची वाट बघत नाही. तो आधीच आपली जागा सांगून टाकतो, बरं म्हणतो, आणि पाय खिडकीबाहेर काढून झोपतो. तिला आज पहिल्यांदा वाटलं, की बाबांचं बरं भित्रं नव्हतंच कदाचित. ते दमलेलं होतं. पण दमलेलं असो की भित्रं, आई मात्र उसन्या ताडपत्रीखालूनच गेली.

"नीलू," बाबा म्हणाले. "उद्या पौर्णिमा ना? माहे पांढरे कपडे आणजो."

ती हो म्हणाली. ते थोडा वेळ नळीशी झगडले. मग डोळे मिटूनच त्यांनी विचारलं, "मेडशीले नेऊन राह्यली का मले?"

तिच्या हातातला चमचा डब्यावर वाजला. कोणी सांगितलं, असं तिनं विचारलं. बाबा म्हणाले, काल संध्याकाळी रामधनजी आले होते. मोसंबी घेऊन. बसले, पाय चेपले, रडलेही थोडे. मग सांगून गेले, पोरीची हळद हाय बाबा, तुमी समजदार हा.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हनन? बरं म्हटलं."

नीलिमाला हसू फुटलं. आवरेना. तोंडावर हात दाबला तरी खांदे गदगदत राहिले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पलीकडच्या खाटेवरचं माणूस वळून बघायला लागलं. "मी पण," ती म्हणाली. "सकाळी. मी पण बरंच म्हटलं, बाबा." बाबाही हसले, म्हणजे छाती दोनदा उडाली आणि खोकला आला, आणि ती त्यांची पाठ चोळत राहिली. खोकला बसल्यावर ते म्हणाले, "म्हनाले काय जाते. पन मेडशीले नोको नेऊ. तथी माहं काय हाय आता? मले खिडकीपाशी नेऊन टाक." एवढं बोलून ते दमले आणि झोपी गेले. त्यांनी आयुष्यात तिच्याकडे काही मागितलं असेल तर ते हेच, आणि शर्टासाठी एक खिळा.

दुपारी दवाखान्याच्या व्हरांड्यात प्रसेनजितचा फोन आला. धाकटा भाऊ, पुण्यात असतो, शनिवारी निघतो म्हणत होता. त्याला रामधनजींचाही फोन गेला होता. चांगल्या माणसाचं काम असं पक्कं असतं. प्रसेनजित म्हणाला, "ताई, मालकासोबत कायले वाद घालतं? त्याच्या पोरीचं लग्न हाय, त्याचंही बराबर हाय. मेडशीले किशनदादा हाय, अंगण मोठं हाय." नीलिमा म्हणाली, आईच्या वेळीही अंगण मोठंच होतं. मग तो म्हणाला, तुले जसं वाटन तसं कर, पन त्यानं घराभाईर काढलं त तू कुठी जाशीन?

हा प्रश्न खोटा नव्हता. वाशिम काही मोठं नाही. लाखाळ्यात एका मालकाशी वाजलं, की संध्याकाळपर्यंत सगळ्या मालकांना चहासोबत ते कळतं. पुन्हा आडनाव, पुन्हा मोहल्ला, पुन्हा कालच दिली हो. तिला भीती वाटली आणि ती तिनं मान्य केली. आणि रंजीता. दहावीला ती नीलिमाच्याच वर्गात होती, वर येऊन तिनं प्रकाशाचं परावर्तन तीनदा समजावून घेतलं होतं, परवा लग्नाचा शालू दाखवायला वर आली होती. तिच्या हळदीच्या दिवशी वर काही झालं तर? नीलिमा तो विचार टाळत नव्हती, उलट समोर ठेवून बघत होती. वाईट वाटेल. रंजीताच्या गळ्यात पडून रडेलसुद्धा ती. पण एका घरात हळद आणि मरण एकाच दिवशी आलं, तर त्यातल्या मरणानंच गाव सोडून का जावं? मरणाला किराया परवडत नाही म्हणून? तिनं किराया कधी चुकवला नव्हता. त्या घरात तिनं स्वयंपाक केला होता, ताप काढला होता, पेपर तपासले होते, बाबांची नखं कापली होती. माणूस जिथं एवढं करतो तिथं त्यानं मरायचं तेवढं नाही, हा कुठला करार? ती उठली आणि ऑक्सिजनचं मशीन किरायानं कोण देतं ते आत जाऊन विचारून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पांढरी साडी नेसली. बाबांना पांढरा सदरा घालताना कंपाउंडर आणि ती दोघं घामाघूम झाली. बाबांनी वरचं बटणही लावायला लावलं. दवाखान्याची गाडी घराच्या गल्लीत वळली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. गेटच्या आत, थेट जिन्यापर्यंत मांडव पडला होता, पिवळ्या-लाल कापडाचा. मांडववाले जेवायला गेलेले. खुर्च्यांची चळत, सॅटिनची कव्हरं घातलेली, मागे गाठ मारलेला लाल पट्टा. सावलीत पाहुण्या बाया बसून हळदीचं सामान निवडत होत्या. आधी त्यांनी गाडी पाहिली, मग गाडीतून उतरणारी पांढरी नीलिमा. बोलणं थांबलं. रुपाबाई दारातून आली आणि तिनं पदर तोंडाला लावला, चार वर्षांपूर्वी लावला होता तसाच. रामधनजी गेटपाशी आले. त्यांनी गाडीतल्या पांढऱ्या कपड्यांकडे पाहिलं, डोक्यावरची टोपी काढली, हात जोडले. डोळे खरेच भरून आले होते त्यांचे. मग टोपी पुन्हा घालून त्यांनी गेटची कडी आतून धरली.

"मॅडम, बाबा माह्या बापासारखे होते," ते म्हणाले. "पन तुमी बरं म्हटलं होतं. मेलं मानूस मी या मांडवाखालून वर जाऊ देत नाही. माफ करा. गेट उघडत नाही मी."

नीलिमा काही बोलणार तोच गाडीतून आवाज आला. बारीक, फाटका, पण केबिनमधून मान वळवून प्रवाशांना दटावणाऱ्या ड्रायव्हरचा.

"रुपाबाई, पिठलं टाकलं का नाही? आज पौर्णिमा हाय."

एक बाई किंचाळली. दुसरी हसली. मग पदराआड रुपाबाईचं काय झालं ते कळलं नाही, हसू की रडू, पण तिचे खांदे हलत होते. रामधनजींचा हात कडीवर तसाच राहिला, तोंड उघडं. नीलिमा गेटपाशी गेली. लोखंडाच्या दोन गजांमधून तिनं त्यांच्याकडे पाहिलं. "काल मी बरं म्हणाले, ते चुकलं," ती म्हणाली. "बाबा इथंच राहणार आहेत. बरे झाले तर इथं राहतील, आणि गेले तर इथूनच निघतील. याच गेटातून, मांडव असेल तर मांडवाखालून. मला रंजीताचं वाईट वाटतं. पण मी त्यांना कुठे नेणार नाही. गेट उघडा."

रामधनजींनी कडीवरची पकड घट्ट केली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मंग एक तारखेले घर खाली करा."

"नाही करत," नीलिमा म्हणाली.

चार वर्षांत तिनं त्यांना हा शब्द पहिल्यांदा ऐकवला. तो इतका लहान निघाला, की तिला स्वतःलाच नवल वाटलं. बरं सोडून दुसऱ्या उत्तराची रामधनजींनी तयारीच ठेवली नव्हती. तेवढ्यात रुपाबाई आली, नवऱ्याचा हात कडीवरून उचलून बाजूला ठेवला, पातेल्यावरचं झाकण ठेवतात तसा, आणि कडी काढली. रामधनजी बाजूला झाले असं काही म्हणता येणार नाही. गेट आतल्या बाजूला उघडायचं, म्हणून त्यांना सरकावं लागलं.

जिना अरुंद, स्ट्रेचर वळेना. नीलिमानं चळतीतली वरची खुर्ची ओढली. कव्हर काढत बसली नाही. गाडीचा ड्रायव्हर आणि सोबत आलेला कंपाउंडर यांनी बाबांना त्यात बसवलं, पाठीमागे लाल पट्ट्याचं फूल, आणि तिघांनी मिळून खुर्ची उचलली. पहिल्या वळणावर बाबा धापा टाकत म्हणाले, "नवरदेव करून टाकलं मले." खाली कुणीतरी पुन्हा हसलं. बाबांना खिडकीशी टेकवून, मशीन लावून, माणसं पाठवून दिल्यावर नीलिमा पुन्हा खाली उतरली. मांडववाल्यांचा पत्र्याचा डबा जिन्याशी पडला होता. त्यातले दोन जाड खिळे तिनं उचलले. रामधनजी खुर्चीवर बसले होते, त्यांनी पाहिलं. तिनंही पाहू दिलं.

वर आल्यावर तिनं खलबत्त्यातला बत्ता घेतला. फ्रीजवरची आई कलली होती. तिला खाली उतरवून तिनं पदरानं काच पुसली. बाबा नळीआडून बघत होते. "जरा डाव्या अंगाले," ते म्हणाले. "हं. अजून वर. तिले खिडकी दिसली पायजे." पहिल्याच घावाला पुट्टीचा टवका उडाला आणि नीलिमाच्या पायावर पडला. दुसरा घाव चुकला. तिसऱ्याला खिळा वाकला, तिनं तो उलटा ठोकून सरळ केला आणि पुन्हा लावला. आवाज भिंतीतून खाली उतरत होता, खांबातून, मांडवाच्या बांबूतून, साऱ्या घराला ऐकू जाईल असा. जिन्यात पावलं वाजली. नीलिमा बत्ता तसाच हातात धरून दाराकडे वळली. तिला वाटलं, आता बोलायचंच आहे तर सगळंच बोलू.

दारात रुपाबाई होती. बोटांना ओली हळद. तिनं भिंतीकडे पाहिलं, खाली पडलेल्या टवक्यांकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. मग पदराखालून हात काढला. हातात हातोडा होता.

"बत्त्यानं भीत फुटते ताई," ती म्हणाली. "हा घ्या. पिठलं चुलीवर हाय, आणतो."

खालून रामधनजींचा आवाज आला, दमलेला, पण अजून मालकाचा. "वर कोन ठोकून राह्यलं?"

रुपाबाईनं तिच्याकडे पाहिलं. या चार वर्षांत नीलिमा खाली बोलली होती ती शाळेच्या भाषेत, जपून, शब्द निवडून, जसं किरायाच्या घरात भांडं वाजू नये म्हणून जपतात. ती जिन्याच्या कठड्यापाशी आली, वाकली, आणि बापाच्या आवाजात म्हणाली, "मी ठोकून राह्यली. अजून एक बाकी हाय. बाबाचा शर्ट टांगाचा हाय."